घरचा वाफा

आप्पासाहेबांनी शेपूची जुडी पुढे केली, तशा माती तपासणीच्या रोहिणी मॅडम पाऊलभर मागे सरल्या.

आप्पासाहेबांना ते लागलं. पाहुणा असो की साहेब, त्यांच्या रानातून आजवर कुणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं. मॅडमना फवारणीची भाजी वाटली असेल, असं समजून त्यांनी खुलासा केला. "बाजारची न्हाई मॅडम ही. घरच्या वाफ्यातली हाय. हिला औषधाचा थेंब ठावा न्हाई."

राहुरीच्या बाजूला भाजीपाला पिकवणाऱ्या बहुतेकांचा असा एक घरचा वाफा असतो. रानातल्या फ्लॉवर-कोबीवर सकाळी फवारा मारायचा आणि दुपारी तोडा करून टेम्पो भरून द्यायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घरच्या वाफ्याला मात्र पंप दाखवायचासुद्धा नाही. आप्पासाहेब तर या वाफ्याचे फारच लाड करत. लेक धनश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हटल्यावर त्यांनी ओढ्यातला काळाभोर गाळ ट्रॉलीने आणला आणि वाफ्यात ओतून कुदळीने खालीवर केला. सगळ्या रानाला पुरेल एवढा गाळ नव्हता. होता तेवढा सगळा लेकीच्या ताटासाठी. रानातली माती तपासायला दिली तेव्हा या वाफ्यातलीही एक पुडी त्यांनी हौसेने दिली होती. वाफा किती कसदार आहे, ते त्यांना कुणातरी शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मॅडमनी जुडी घेतली नाहीच. रानातली माती ठीक आहे, त्या म्हणाल्या. घरच्या वाफ्यातल्या मातीत मात्र शिसं निघालंय, आणि ते थोडंथोडकं नाही. मग वाफ्यात बाहेरून काय आणून घातलं होतं, असं त्यांनी विचारलं. ओढ्यातला गाळ, म्हणत आप्पासाहेबांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला बोट केलं. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांचं शेड होतं. पत्रे उचकटून ती माणसं केव्हाच निघून गेली; कुठली होती, ते गावात कुणालाच माहीत नाही. भांडायला जावं, तर तिथे आता नुसत्या बाभळी उभ्या होत्या.

आप्पासाहेब हातपाय गाळणारे नव्हते. आजच शेपू उपटतो, मेथी उपटतो, गाळ उकरून होता तिथं ओढ्यात नेऊन टाकतो, असं ते भराभर सांगत सुटले. मॅडमनी ऐकून घेतलं. ओढ्याचं पाणी पुढे कुठे जातं, एवढंच त्यांनी विचारलं. पुढे चुलतभावाचं रान होतं आणि त्याच्या पलीकडे गावाची पिण्याची विहीर.

"मंग दोन-चार पावसाळ्यांत जाईल का धुऊन?"

"शिसं कुजत नाही, आप्पासाहेब. आपण सगळे जाऊ, ते इथंच राहील."

ज्या प्रश्नाची त्यांना मघापासून धास्ती होती तो मॅडमनी आता विचारला. ही भाजी खातं कोण?

खाणारी एकटी धनश्रीच. गरोदरपणात तेच, बाळंत झाल्यावरही तेच. दूध यावं म्हणून तिची आई छबूबाई दोन्ही वेळेला शेपू नाहीतर मेथी करून घालत होत्या. नवरा-बायको दोघं रानातल्या फवारलेल्या कोबीवर भागवत होते. पोरीला कमी पडायला नको म्हणून वाफ्यातलं पानसुद्धा त्यांनी स्वतःच्या ताटात घेतलं नव्हतं. मॅडमनी मायलेकरांचं रक्त उद्याच्या उद्या तपासून घ्यायला सांगितलं. अंगात गेलेलं निघतं का, ते आप्पासाहेबांनी विचारलं नाही, आणि मॅडमनीही आपण होऊन सांगितलं नाही.

मॅडमची गाडी बांधावरून वळून दिसेनाशी झाली. जुडी अजून हातातच होती. बांधावर टाकली तर शेळी खाईल, ओढ्यात टाकली तर पुन्हा तेच. ती तशीच मुठीत धरून आप्पासाहेब घराकडे निघाले. लेकीला सांगायलाच हवं होतं, पण कोणत्या तोंडाने सांगायचं ते कळत नव्हतं. कुणा परक्याने घातलं असतं तर त्याचा गळा धरता आला असता. इथे तर आपल्याच हाताने कोवळं कोवळं निवडून घातलं होतं.

दारातच छबूबाईंनी त्यांना अडवलं. जुडी दिसताच हात पुढे केला. आप्पासाहेबांनी जुडी पाठीमागे नेली.

"धनश्रीशी बोलायचंय," ते म्हणाले.

"वाईच थांबा. बाळ पितंय." छबूबाईंचा आवाज हळू होता, पण चेहरा समाधानाने नुसता फुलला होता. "शेपूनं लई दूध उतरलंय बघा पोरीला."

आतून बाळाच्या घुटक्यांचा आवाज येत होता. आप्पासाहेब उंबऱ्याबाहेर उभे राहिले, त्याचं पोट भरेपर्यंत.