रिकामा पाय

"गुडघे कडक नकोत. आणि श्वास धरून ठेवू नका, चारुलताताई," राजलक्ष्मी म्हणाली.

चारुलताने श्वास सोडला. सांगितलं की करायचं, एवढं तिला जमत होतं. खारघरच्या त्या बागेत रोज सकाळी राजलक्ष्मी 'ताई ची', म्हणजे संथ चिनी कसरत, शिकवायची. नाव घातलं होतं सुनेने, अस्मिताने. "आई, दिवसभर नुसत्या बसून असता. चार माणसं तरी भेटतील."

दिनानाथ गेल्यापासून चारुलता बसूनच होती. रडली मात्र नव्हती. समोरच्या चहावर साय धरायची, तरी कप उचलायचं सुचायचं नाही. पार्थने डोंबिवलीचं घर बंद करून आईला इकडे आणलं. बाबांचे उरलेले शर्ट देऊन टाकले, दोघांचा फोटो माळ्यावर ठेवला. आईला त्रास नको म्हणून घरात कुणी त्यांचं नाव काढत नसे.

क्लासमध्ये शेजारी गिरजाबाई असायची, बेलपाड्याची. जिथे तिचं शेत होतं तिथे आता तिच्या मुलाची बिल्डिंग होती. राजलक्ष्मीताई शिकवते म्हणून ही 'ताईची' कसरत, असंच ती बरेच दिवस समजत होती.

एकदा चपला घालताना तिने विचारलं, "तुमचं मालक कवा गेलं?"

"झालं वर्ष."

"आजारी होतं?"

"नाही. अचानकच."

"हार्टचा काय झाला का?"

चारुलताने चपलेचा पट्टा ओढून घेतला. "तसंच म्हणायचं."

"माजा मानूस गेला तवा मी पन अशीच झालती. दगडावानी," गिरजाबाई म्हणाली. "वेल लागतं, बाय." तिने चारुलताच्या पाठीवर हात ठेवला. चारुलताला तो हात नुसता जड लागला.

ती येत राहिली. अंगाचं सगळं वजन एका पायावर द्यायचं, दुसरा रिकामा झाला की मगच उचलायचा. सुरुवातीला तोल जायचा, मग जाईनासा झाला. हात पाण्यातून फिरवल्यासारखे फिरायला लागले. बाकीच्या चुकल्या की तिच्याकडे बघून सावरून घेत.

एका सकाळी तिच्या तळव्यांना दवाने भिजलेलं गवत गार लागलं. ती तशीच उभी राहिली. घरी येऊन तिने चहा गरम असतानाच प्यायला. अस्मिता बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात राजलक्ष्मीने तिला बाजूला बोलावलं.

"एक नवीन गृहस्थ आलेत, उलव्याहून. अर्धांगवायू झाला होता. चालतात, पण तोल राहत नाही. मिसेस घेऊन आल्यात. मी बाकीच्यांना बघते, तुम्ही त्यांना उभं राहायला शिकवाल? तुमचा हात आता शांत झालाय."

बाकावर चाळिशीची एक बाई पाण्याची बाटली घेऊन बसली होती. तिच्यापुढे तो माणूस काठीवर रेलून उभा होता. शर्ट अंगावर सैल झाला होता. डावा हात लोंबत होता.

चारुलता जवळ गेली. त्याने मान वर केली. ओठ हलले. काठी हातातून सुटून गवतावर पडली आणि तो एका अंगावर कलला.

तिने त्याचं मनगट धरलं, दुसरा हात पाठीला लावला. मनगट गरम होतं. नाडी भराभर उडत होती. ते तिला नीट कळलं.

"हळू," ती म्हणाली. "पडणार नाही."

गिरजाबाई काठी उचलायला धावली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग चारुलताकडे.

"वलखीचं हायेत का गं?"

"हो," चारुलता मनगट न सोडता म्हणाली. "पार्थचे बाबा."