खालचं रेलिंग

"सर, परवान्याच्या ऑफिसातली खिडकी चारला बंद होते," ताई म्हणाली. आठ दिवसांत हे तिने निदान दहाव्यांदा सांगितलं असेल.

म्हाताऱ्या आर्किटेक्टने मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

बावीस वर्षं ती या ऑफिसात नकाशे काढत होती. घर आणि नोकरी सांभाळून, संध्याकाळचे वर्ग करून सत्तेचाळिसाव्या वर्षी पदवी घेतली, परवान्याच्या परीक्षेतही पहिल्या फटक्यात पास झाली. मुलगा आणि ती एकाच टेबलावर अभ्यास करायचे. मुलाचे दोन विषय राहिले, पण ही गोष्ट घरात कुणी काढत नसे. आता घोडं अडलं होतं ते अनुभवाच्या वहीवर. कोणत्या इमारतीचं काय काम केलं, ते लिहायचं आणि खाली सरांची सही घ्यायची. वही आज पोचली तर परवाना, म्हणजे स्वतःच्या नकाशावर स्वतःची सही. नाही पोचली तर पुन्हा एक वर्ष. आणि सरांनी तर त्या वहीचं भिजत घोंगडं करून ठेवलं होतं.

का, ते आपल्याला कळतंय असं तिला वाटत होतं. सरांचा हात थरथरायचा, पाच वर्षांत त्यांनी पेन्सिल धरली नव्हती. ती गेली की ऑफिसला कुलूपच. त्यांची कणव यायची आणि तळपायाची आग मस्तकातही जायची, दोन्ही एकदमच.

"मी सोडून जाईन म्हणून सही करत नाही का तुम्ही?" शेवटी ती बोलून गेली, आणि लगेच जीभ चावली.

"जाशीलच. जायलाच हवं," सर म्हणाले. "पण तू लिहिली होतीस तशी वही नेली असतीस, तर उभ्या उभ्या परत पाठवलं असतं तुला, फूटपट्टी." तिला ते पहिल्यापासून याच नावाने हाक मारायचे. "हे बघ."

त्यांनी ड्रॉवरमधून वही काढून तिच्यापुढे सरकवली. पानोपानी लाल शाई. चाळीस इमारती, आणि प्रत्येकीपुढे कामाच्या रकान्यात तिने बावीस वर्षांच्या सवयीने एकच शब्द लिहिला होता : मदत. नुसती मदत अनुभवात धरत नसत. एकतीस ठिकाणी सरांनी तो खोडला होता आणि वर लिहिलं होतं : रचना हिची. खाडाखोड केली की शेजारी सही हवी, हा नियम. तशा एकतीस सह्या, वेड्यावाकड्या, मुंगी शाईत पाय बुडवून चालावी तशा. शेवटच्या पानावरची मोठी सही आज सकाळची होती.

"दिवसाला चारच जमतात," सर म्हणाले. "पाचवी केली तर बँकवालासुद्धा ओळखायचा नाही."

पानं उलटत ताई म्हणाली, "पण माझ्या कोणत्या, हे कसं कळलं? सगळ्या नकाशांवर नाव तुमचंच आहे."

"जुने नकाशे काढून जिने बघितले. माझ्या जिन्याला एकच रेलिंग. तुझ्या जिन्याला दोन, दुसरं खाली, पोरांच्या हाताला येईल असं. तुला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नाही. मालक लोक ते काढून टाका म्हणायचे, तेव्हा त्यांच्याशी भांडत कोण होतं? मीच. मला आयुष्यात कधी सुचलं नाही ते."

घड्याळात सव्वातीन वाजले होते. सरांनी टेबलाला धरून उठायला सुरुवात केली. "चल, मीही येतो. एवढा लाल रंग बघून कुणी शंका काढली, तर सांगायला माणूस हवा."

ऑफिस मागाहून ज्या इमारतीत हलवलं, ती त्या एकतिसांतलीच. जिन्याशी ताईने हात पुढे केला, सरांनी तो घेतला नाही. पाठ अशी वाकली होती की वरच्या रेलिंगपर्यंत हात वर जाईना. त्यांनी खालचं धरलं. ताईला घाई होती, तरी ती एक पायरी मागेच राहिली.

"लहान मुलांसाठी काढलं होतंस ना?"

"हो, सर."

"उंची बरोबर आहे," सर म्हणाले, आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.