आतून ठोकलेले पत्रे

त्र्यंबकेश्वरच्या पुढे, डोंगरातल्या पाड्यावर पत्रा फार टिकत नाही. पावसानं गंजतो, नाहीतर वारा उडवून नेतो. बारकूनं या उन्हाळ्यात घरावर नवे पत्रे घातले होते, आणि काल दुपारी गारपीट झाली.

सकाळी तो शिडी लावून वर चढला. साऱ्या पाड्यातल्या पत्र्यांना गारांनी खड्डे पडले होते. त्याच्या पत्र्यांना मात्र टेंगळं आली होती, मुठीएवढी, आतून ठोकल्यासारखी.

त्यानं एका टेंगळावर हात ठेवला. तोच खालून जोराचा दणका बसला.

“भागी, काठी मारू नको,” तो ओरडला.

“मी कुठं मारते?” त्याची बायको भागीबाई अंगणातून म्हणाली. ती भांडी घासत होती.

“मग घरात कोण हाय?”

“कोणी नाय. पोरगी निजलीय.”

दुसरा दणका त्याच्या गुडघ्याखाली बसला. तिसऱ्यानं पत्रा फाटला. बारकूनं फाटक्या कडेत बोटं घातली आणि सारा जोर लावून पत्रा उचकटला. हात रक्तानं भरले. त्यानं वाकून आत पाहिलं. खाली चटईवर पोरगी शांत झोपली होती. बाकी घर रिकामं होतं.

“भागी, पोरीला बाहेर काढ.”

भागीबाई धावली. दार नुसतं लोटलेलं होतं, पण ते उघडेना. तिनं खांदा लावला, तसा आतूनही कोणीतरी खांदा लावला.

वर, बारकूच्या बोटांसकट पत्रा खाली ओढला जाऊ लागला.