अकरावा हमाल

वासंतीनं तोच फोटो पाचव्यांदा यंत्रात घातला. संग्रहालयाचं हे यंत्र जुना फोटो काढण्याआधीचं आणि नंतरचं सगळं आवाजासकट दाखवायचं. फोटोखाली गेली दीडशे वर्षं लिहिलेलं होतं, 'लढाईत पडलेले बंडखोर'. पडद्यावर मात्र गोरा फोटोवाला अकरा हमालांना भर उन्हात तासभर मेल्यासारखं निजवून ठेवत होता.

"साहेब, ही ओळ बदला आता!" ती वैतागली.

"छापलंय ना एकदा? राहू द्या हो," संग्रहालयाचे प्रमुख धामणकर साहेब म्हणाले.

"पुढचं बघा तरी!"

फोटो झाला. दहा जण धूळ झटकत उठले. त्यातला एक अकराव्याला हलवत राहिला, "रायाजी, ऊठ की! झाला फोटो."

"बघा, एक तरी मेला ना?" साहेब म्हणाले. "मग झालं तर!"

वासंतीनं ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'रायाजी, हमाल. फोटोसाठी निजवला, तो उठलाच नाही.'