अंधारातली हजेरी

बॅग सापडली ती कपाटावर, जुन्या गाद्यांच्या मागे. हेडमास्तरांनी ती खाली ओढली, पलंगावर उपडी केली आणि बायकोला आणि मुलीला हाक मारली. चार कुडते, एक शाल, नवी चप्पल, नवा टूथब्रश. नवा टूथब्रश घेऊन घर सोडण्याचं वय कोणाचं असतं, हे काय सांगायला हवं?

कुठे निघाली होतीस, असं त्यांनी मुलीला विचारलं. मुलीने आईकडे पाहिलं. आई बॅगेकडे पाहत राहिली. दोघी मूग गिळून गप्प. गप्प बसणं म्हणजे कबुली, हा शाळेतला नियम हेडमास्तरांनी घरालाही लावून टाकला होता.

मुलगी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिथला एक चष्मेवाला तिला दोनदा कोपऱ्यापर्यंत सोडायला आला होता, तेवढं त्यांना पुरलं. मुलगी पळून गेली तर इतक्या वर्षांची शिस्तीची ख्याती मातीत जाणार होती. त्या दिवसापासून ते तिला लॅबमध्ये सोडायला जाऊ लागले आणि आणायलाही. चष्मेवाला त्यांना रोज नमस्कार करायचा. निर्लज्ज, हेडमास्तर मनात म्हणायचे.

पंचाईत झाली ती सहलीची. हेडमास्तर आकाशदर्शन मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष. वर्षातून एकदा मंडळ गावाबाहेर, दिव्यांपासून दूर टेकडीवर जायचं. तारीख ठरवणं, बस सांगणं, खुर्च्या आणणं, सगळं बायको बघायची. सभासदांत तिचं नाव नव्हतं. हजेरीत मात्र होतं, कारण चहाचा थर्मास तिच्याकडे असायचा.

या वेळी तिने अमावास्या काढली होती. हेडमास्तरांनी आधी सहलच रद्द करायला सांगितलं. मग म्हणाले, अष्टमी घे. अर्ध्या चंद्राचा उजेड मध्यरात्रीपर्यंत पुरतो, माणूस माणसाला दिसतो, चंद्र मावळला की आवरतं घ्यायचं.

बायको सहसा उलट बोलत नसे. "अहो, चांदण्यात तारे दाखवायला नेलंत तर लोक तोंडावर हसतील," ती म्हणाली. "आकाशगंगा बघायला वर्षभर थांबलेत ते."

"आणि हिचं काय?"

"हिला तुमच्या शेजारी बसवा. पलीकडे मी बसते. मधून कुठे जाईल?"

बायकोला व्यवहार कळत नाही असं त्यांचं मत होतं, पण हा तोडगा बरा होता. मुलीला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की हेडमास्तरांचा संशय आणखी वाढला.

टेकडी बायकोनेच निवडली होती. पायथ्याशी लांब पल्ल्याच्या बसचा थांबा होता. कोणाला बरं वाटेनासं झालं तर सोय असावी, असं तिचं म्हणणं. अंधार पडता पडता खुर्च्यांची रांग लागली. हेडमास्तरांनी नियम सांगितले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि एक दिवा लागला की सगळ्यांची सवय मोडते. म्हणून दिवा नाही, मोबाइल नाही, काडीसुद्धा नाही. मागे एका डॉक्टरने सिगारेट पेटवली, तेव्हा त्याला त्यांनी परतीपर्यंत बसमध्ये बसवून ठेवलं होतं.

दिवा नसल्यामुळे माणसं मोजायची ती आवाजाने. हेडमास्तर दर तासाला रांगेच्या क्रमाने हाका मारत आणि ज्याने त्याने "आहे" म्हणायचं. पद्धत त्यांचीच होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

आकाश उघडलं तशा रांगेतल्या माना वर गेल्या. कोणीतरी हळूच, अगं बाई, म्हणालं. हेडमास्तरांनी मात्र त्या रात्री वर पाहिलं नाही. मुलीच्या शालीचं टोक त्यांनी स्वतःच्या मांडीखाली घेतलं होतं आणि ते कान टवकारून बसले होते.

पहिली हजेरी झाली. "आहे," मुलगी म्हणाली. पुढे बायको, मग दातांची डॉक्टरीणबाई, मग बाकीचे. त्यांनी फक्त मुलीचा आवाज नीट ऐकला.

नंतर केव्हातरी खडीवर पावलं वाजली. हेडमास्तरांनी झटकन शाल ओढून पाहिली. शाल ताठ होती. दिवा लावावा असं फार वाटलं, हात खिशापर्यंत गेलाही. पण अध्यक्षानेच नियम मोडला तर उरलं काय?

"आहेस ना गं?" त्यांनी विचारलं.

"इथेच आहे, बाबा."

पावलं उतारावरून खाली गेली. कोणीतरी आडोशाला गेलं असेल. खालून एका बसच्या इंजिनाचा आवाज आला आणि विरला. आली असेल त्या चष्मेवाल्याची बस, हेडमास्तर मनात म्हणाले, बसू दे रिकामे हात चोळत. त्यांना फार दिवसांनी हसू आलं.

पुढच्या सगळ्या हजेऱ्या बिनचूक झाल्या. एकही हाक वाया गेली नाही.

पूर्वेकडे फटफटायला लागलं. आधी खुर्च्यांचे आकार दिसले, मग माणसांचे. मुलगी शेजारी होती, डोक्यावरून शाल घेऊन, सरळ समोर बघत. हेडमास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. जिंकलो, त्यांना वाटलं, आणि मुलीविषयी थोडी मायाही आली. आता लॅबमध्ये एकटीला जाऊ द्यायला हरकत नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. त्यांनी मांडीखालचं टोक सोडलं, पाय लांब केले आणि चष्मा पुसायला घेतला.

"अगं," त्यांनी मुलीच्या पलीकडे पाहून हाक मारली, "चहा दे."

"देते," हुबेहूब बायकोच्या आवाजात मुलगी म्हणाली, आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवरचा थर्मास तिने उचलला.