उठायचं नाही

पोटात जुळी आहेत, पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्याला सहा आठवडे झाले. छताच्या कड्या मोजून इंदुमती विटली होती. आज सासूबाई मयतीला बेटम्याला गेलेल्या, नवरा महूला कामावर. घरात एकटे मामंजी, संस्थानी फौजेतले जुने सुभेदार. त्यांच्यासमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. दुपारी तिला राहवेना, “खड्ड्यात गेला आराम!” म्हणत उठू लागली. पलंग करकरताच बाहेरून मामंजी गरजले, “सूनबाई, उठायचं नाही!” “मग परसाकडे कशी जाऊ?” ती कडाडली. जरा वेळाने मामंजी पाठमोरे, चाचपडत आत आले, शौचाचं भांडं पलंगाशी ठेवून गेले. नंतर तसेच येऊन ते त्यांनीच भर अंगणातून नेलं. “अरे सूबेदारसाब, आप?” शेजारीण किंचाळली. “मग काय सुनेला उठवू?” मामंजी खेकसले. आत इंदुमती निमूट आडवी झाली.