वयाची अट

नेपाळच्या ट्रेकसाठी यशोधरा आणि प्रेमानंद या नवराबायकोने सहा महिने सराव केला. दर रविवारी भिलाईहून गाडीने डोंगरगडला जायचं आणि पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन प्रज्ञागिरीच्या पायऱ्या चढायच्या. यशोधरा वर पोचून डबा उघडायची, तेव्हा प्रेमानंद अर्ध्या वाटेत दम खात बसलेला असायचा.

निघायला पंधरा दिवस उरले असताना तो म्हणाला, "ट्रेकवाले साठीवरच्या बायाइले घेत नाही म्हणते. तुले तर एकसष्ट लागलं."

"तुमी तरी जाऊन या," ती म्हणाली आणि तिनेच त्याची बॅग भरली.

तो परतल्यावर शेजारपाजारचे टीव्हीवर फोटो बघायला जमले. एका फोटोत खिंडीवर पांढऱ्या केसांची बाई सगळ्यांच्या पुढे हात उंचावून उभी होती.

"ह्या कोण?" शेजारच्या गीतांजलीने विचारलं.

"रायपूरच्या मॅडम," प्रेमानंद रंगात आला होता. "अडुसष्ट वर्षाच्या आहे, पण सगळ्याइच्या आधी वर पोचल्या!"

यशोधराने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"अन् तुमी कितवे पोचले जी?"